हैमाच्या रस्त्यावरचे अबू समीर

अहो,

तुम्हाला मी पत्रं लिहिली ती लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. तुम्ही मस्कतला होतात, मी गावी. पत्र पेटीत पडण्याआधी सासूबाईंच्या नजरेखालून जायचं, त्यामुळे गाय व्याली आणि मामंजींचा खोकला बरा आहे, यापलीकडे काही लिहिता यायचं नाही. आज मधे वाचणारं कोणी नाही. वाचणारे तुम्हीही नाही, म्हणून तर सगळं लिहिणार आहे.

काल दुपारी इथे मस्कतला, अल हैलच्या आपल्या घराची बेल वाजली. मी खोकी बांधत बसले होते. कंपनीने घर रिकामं करायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, तेवढ्यासाठीच गावाहून परत आले. दारात कोण होतं ते सांगते, पण क्रमाने सांगते. मी प्रत्येक गोष्ट शेवटापासून सुरू करते ही तुमची कायमची तक्रार. शिवाय मला तुम्हाला जाब विचारायचा आहे, आणि जाब घाईने विचारला की समोरचा सटकतो. तुम्ही तर सटकण्यात पटाईत.

आधी कावळ्याचं. तुमच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि भटजी धड बाजूलाही झाले नव्हते तोवर कावळा शिवला. भाऊजी म्हणाले, दादा पुण्यवान, एकही इच्छा मागे ठेवली नाही. सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र नाही जोडले. तुमची इच्छा उरली नाही? आमटीत कोकम कमी पडलं तर दोन दिवस ते बोलून दाखवणारे तुम्ही! मुग्धाचं लग्न व्हायचं होतं, मागच्या आवारात कलमं लावायची होती, आणि तुमचं काहीच अडकलं नाही? मला तिथे नदीवरच वाटलं, या माणसाने आपलं काहीतरी कुठेतरी उरकून घेतलंय. आणि मला न सांगता.

हसू नका. माझा स्वभाव संशयी आहे हे मी कधी नाकारलं? मी शिवणकाम करणारी बाई. कोणी कितीही भारी कपडा पुढे टाकला तरी मी तो आधी उलटा करते आणि आतली शिवण बघते. माणसांनाही तसंच बघायची सवय लागली. तुम्हाला मात्र मला कधी उलटं करून बघता आलं नाही, कारण महिन्यातले निम्मे दिवस तुम्ही घरात नसायचात. मासळीच्या गाड्यांचे फ्रीझर, बर्फाचे कारखाने, वाळवंटातल्या कॉफी शॉपचे फ्रीज, जिथे काही थंड व्हायचं थांबेल तिथे तुम्ही. मस्कत सोडून आत गेलं की आपले लोक त्याला इंटिरिअर म्हणतात. आणि इंटिरिअरला जाणाऱ्या पुरुषांबद्दल आपल्या बिल्डिंगमधल्या बायका काय काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक नसेल, मला तोंडपाठ होतं. तिकडे म्हणे एकेकाचं दुसरं बिऱ्हाड असतं. मी त्यांच्यासमोर हसायचे आणि घरी आल्यावर तुमचे शर्ट धुवायच्या आधी वास घेऊन बघायचे. ग्रीस आणि मासळी, दुसरं काही कधी सापडलं नाही. त्याने माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही.

आणि मग गेल्या हिवाळ्यात तुम्ही एक दिवस जेवताना म्हणालात, चल, कॅरॅव्हॅन घेऊन फिरून येऊ. अदमवरून हैमा, तिथून समुद्राच्या बाजूला, मग किनाऱ्याने सूर बंदर आणि घरी.

ज्या माणसाने मला वीसेक वर्षांत सहमच्या पलीकडे नेलं नाही, आणि तेही तिथल्या कोल्ड स्टोअरमध्ये काम होतं म्हणून, तो मला कॅरॅव्हॅनमधून फिरवणार? तुमच्या मालकाने, खमीस अर्बाबने, दुबईहून आणलेली ती जुनी कॅरॅव्हॅन मला माहीत होती. थंडीत बायकापोरांना घेऊन वाळवंटात तळ टाकायची त्याला हौस. तिचा एसी तुम्ही दुरुस्त करून दिलात, म्हणून त्याने ती आठवडाभर वापरायला दिली, वर ओढायला स्वतःची लँड क्रूझर दिली. हे सगळं खरं होतं. मी खमीसच्या बायकोला फोन करून खात्री करून घेतली होती.

मुग्धाला पुण्याला फोन केला तर ती हसायलाच लागली. "आई, बाबा रोमँटिक होतायत, लेट हिम ना. यू आर सो सस्पिशस, यार." रोमँटिक! तुम्ही मला आयुष्यात एकदा मोगऱ्याचा गजरा दिलात, तोही देवाच्या फुलांच्या पुडीत चुकून आला होता म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी म्हणालात, चकल्या जरा जास्त कर आणि रव्याचे लाडूही घे. किती जास्त, तर म्हणे वाटेत माणसं भेटतात. कुठली माणसं? हैमाच्या रस्त्यावर उंट भेटतात एवढंच मी ऐकून होते. पण केल्या चकल्या. दोन डबे भरले आणि मनातल्या मनात म्हटलं, बघूच कोण खातंय.

खरं सांगायचं तर तो प्रवास वाईट नव्हता. अदम सोडलं आणि आधी झाडं संपली, मग टेकड्या संपल्या, मग रस्त्याची वळणंही संपली. पोळपाटावर पीठ भुरभुरावं तशी वाळू डांबरावरून सरकत होती. समोरून मोठा ट्रक गेला की मागची कॅरॅव्हॅन डोलायची आणि आतली भांडी खडखडायची. तुम्ही दर वेळी आरशात बघून म्हणायचात, काही नाही, काही नाही. संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या मागे आडोशाला गाडी लावून आपण घडीच्या टेबलावर चहा प्यायलो. तुम्ही स्वतः कांदा चिरलात. मी तुमच्याकडे बघत बसले. माणूस साठीला आल्यावर एकाएकी कांदा चिरायला लागला, तर बाईने काय समजायचं?

पहिल्यांदा ते नाव ऐकलं ते त्याच पंपावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. मासळीच्या गाडीतून एक बदू, वाळवंटातला अरब, उतरला, धावत आला, तुमच्या नाकाला नाक लावून भेटला आणि म्हणाला, "या अबू समीर!"

ओमानमध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खमीसला त्याचे लोक अबू खालिद म्हणतात, कारण त्याचा थोरला खालिद. त्याची बायको उम्म खालिद. आईबापांना थोरल्याच्या नावाने हाक मारायची, हा इथला मान. म्हणजे अबू समीर हा समीरचा बाप. आपल्याला तर एक मुग्धा. मग हा समीर कोणाचा?

मस्कतमध्ये तुम्हाला सगळे तुमच्या नावाने ओळखतात, कंपनीत मिस्त्री म्हणतात. इकडे मात्र तुमचं नाव कोणाला माहीतच नव्हतं. पंपावरचा अबू समीर म्हणाला, टायरवाला अबू समीर म्हणाला. कॉफी शॉपचा मल्याळी तर तुमच्या मागे मला बघून दचकलाच. "अबू समीर, आज फॅमिली साथ में?" आज म्हणजे? इतर दिवशी कोण असायचं?

आणि नाव तरी कसं निवडलेलं! आपल्यातही चालतं, त्यांच्यातही चालतं. आईच्या माहेरी हाक मारली तरी कोणी वळून बघणार नाही, बापाच्या गावी मारली तरी नाही. मी मनात म्हटलं, पूर्ण विचार करून ठेवलंय हे.

त्यात ते सगळे पुरुष माझ्याकडे बघेचनात. मी पुढे आले की नजर खाली. माझ्याबद्दल एक शब्द नाही, माझं नाव काय, कशी आहेस, काही नाही. तुम्हाला तेवढं विचारायचे, घर कसं आहे? तुम्ही म्हणायचात, अल हम्दुलिल्ला, घर छान आहे. मी शेजारी उभी! मग ते कोणत्या घराबद्दल विचारतायत? मला वाटलं, या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला बघून लाजेने यांची मान खाली जातेय. परक्याच्या बायकोकडे बघायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, विचारायचंच तर 'घर कसं आहे' असं विचारायचं, ही त्यांची रीत आहे, हे आता कळतंय. मस्कतला राहून मला ती कधी कळलीच नव्हती. मस्कतमध्ये कोण एवढी अदब पाळतं?

हैमाला तुम्ही कॅरॅव्हॅनच्या टाकीत पाणी भरत होतात तेव्हा मी सरळ विचारलं, समीर कोण? तुम्ही नळी तशीच हातात धरून उभे राहिलात. टाकी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं, तरी नळ बंद करायचं सुचेना. मग म्हणालात, "सांगतो. बुकरा, इन्शाल्ला."

बुकरा! उद्या! हा शब्द तुम्ही अर्बाबकडून उचललात आणि त्याच्याइतकाच वापरलात. पडदे लावायचे ते बुकरा, डॉक्टरकडे जायचं ते बुकरा. तुम्ही पुढे चालत गेलात तेव्हा मी तुमची बॅग उलटी करून बघितली, हेही सांगून टाकते. पाने, पक्कड, रक्तदाबाच्या गोळ्या. गोळ्या घ्यायच्या राहिलेल्या होत्या, त्यावरून नंतर भांडलेही मी, पण विषय दुसराच होता हे तुम्हालाही समजलं असणार.

मग ते घर. हैमा ओलांडल्यावर डांबरी रस्ता सोडून तुम्ही खडीच्या वाटेला लागलात, तेव्हाच माझा हात दाराच्या कडीवर गेला. सिमेंटचं बसकं घर, शेजारी तंबू, पाण्याची टाकी, शेळ्या. म्हटलं, आलं बिऱ्हाड.

घरातून आधी तरुण बाई बाहेर येईल असं मी धरून चालले होते. आली ती सत्तरीची म्हातारी, तोंडावर बदू बायका लावतात तो बुरखा, हातांना मेंदी. सालिमची आई. सालिमच्या गाडीचा फ्रीझर तुम्ही बघायचात एवढं तुम्ही वाटेत सांगितलं होतं. तिच्या मागून पोरं धावत आली आणि मी त्यांना एकेक करून न्याहाळलं. कोणाचं नाक तुमच्यासारखं आहे, कोण तुमच्यासारखं फेंगडं चालतंय. म्हातारी थेट कॅरॅव्हॅनच्या दाराशी आली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "उम्म समीर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्या त्या मुलाचं आईपण माझ्या गळ्यात घालायचं, तेही असं हात धरून? मी हात सोडवून घेतले, मान हलवून नकार दिला आणि म्हटलं, "ला. उम्म मुग्धा."

म्हातारीने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कॅरॅव्हॅनच्या जोडाजवळ उभे होतात. खाली वाकलात आणि साखळी घट्ट करायला लागलात. ती साखळी घट्टच होती, अहो.

आत बायकांच्या खोलीत खजूर झाले, कहवा झाला. माझ्या चकल्या सगळ्यांनी आवडीने खाल्ल्या. मला त्यांच्यातली एकही बाई संशय घ्यावा अशी वाटेना, त्याचाच मला जास्त संशय आला.

सूरला पोचलो तेव्हा तुम्ही मला होड्या बांधतात तिथे घेऊन गेलात. लाकडाच्या भल्यामोठ्या फासळ्या उभ्या होत्या, आपल्या कोकणातल्या तांडेलांना दाखवाव्यात अशा. तुम्ही समुद्राकडे तोंड करून बसलात आणि म्हणालात, तुला एक सांगायचं होतं. मी वाट बघितली. भरती आली तरी वाट बघितली. मग तुम्ही उठलात आणि पँटची वाळू झटकलीत. मी म्हटलं, ठेवा तुमचं बुकरा तुमच्यापाशी.

घरी आल्यावरही तेच. आज सांगतील, उद्या सांगतील. मुग्धा सुट्टीला आली की दोघींना एकदमच सांगतो, असंही एकदा म्हणालात. आणि मग उन्हाळ्यात एके सकाळी कामाला निघताना बूट घालायला म्हणून खुर्चीत बसलात ते बसलातच. एक बूट पायात, एक खाली. कसली ही पद्धत, सांगा ना? मी जाब विचारणार म्हणून इतकं पुढे पळून जायचं?

आता कालचं.

दारात ती म्हातारी होती. सोबत तिची नात शम्मा, मस्कतला कॉलेजात शिकते, हिंदी मालिका बघून आपल्या मुग्धाहून बरं हिंदी बोलते. सालिम खाली गाडीतच बसून राहिला. घरात पुरुष नाही म्हटल्यावर तो वर कसा येईल? तुमच्या जागी आलेला नवा मिस्त्री तिकडे गेला, तेव्हा त्यांना तुमचं कळलं. कळल्या दिवशीच निघाले म्हणे. मधाची बाटली आणली होती, खजुराचा डबा आणला होता. मी मधाची बाटली उजेडात धरून बघितली, सवयीने.

म्हातारी सतरंजीवर माझ्याजवळ बसली. अल्ला तुला सबर देवो म्हणाली आणि पुन्हा म्हणाली, उम्म समीर. या वेळी मला राग यायलाही त्राण नव्हतं. मी शम्माला म्हटलं, आजीला विचार, समीर कुठे आहे? कोणाजवळ राहतो? मी आता त्याचं काही करणार नाही, मला फक्त समजू दे.

शम्माने आजीला विचारलंच नाही. ती मलाच म्हणाली, "आंटी, समीर तो आपका ही बेटा है ना? जो बारा दिन का भी नहीं हुआ था?"

अहो, कुकर शिट्ट्या देत होता, तो शेवटी शम्मानेच बंद केला.

मुग्धाच्या आधीचा आपला मुलगा. गावच्या घरी झाला. तुम्ही रजा काढून आला होतात. बारशाची तयारी चालू होती, पाळणा माळ्यावरून काढून धुवून ठेवला होता, आणि बारसं यायच्या आत तो गेला. तुम्ही आणि भाऊजी त्याला पंचात गुंडाळून घेऊन गेलात. कुठे, ते मला कोणी सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, नाव नाही ठेवलेलं, बारसं नाही झालेलं, त्याचं काही धरून बसायचं नाही, आता पुढचं बघा. पाळणा पुन्हा माळ्यावर गेला. तुम्ही रजा संपायच्या आधीच मस्कतला परतलात. त्यानंतर त्याचा विषय आपल्या घरात कधी निघाला नाही. तुमच्याकडून नाही, माझ्याकडूनही नाही. त्याला हाक मारायला शब्दच नव्हता, तर विषय काढायचा कसा?

तर म्हातारी काय म्हणाली ते ऐका, तुम्हाला ठाऊक असलं तरी ऐका, कारण ते तुम्ही मला सांगायचं होतं.

तुम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलात तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. कहवा पिताना त्याने विचारलं, तू कोणाचा अबू? तुम्ही म्हणालात, कोणाचाच नाही. मुग्धा तेव्हा व्हायची होती. म्हातारा म्हणाला, कोणीच झालं नाही? मग तुम्ही सांगितलंत. एक झाला होता, राहिला नाही. त्याने नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात, त्याचं राहिलं. म्हातारा फार कष्टी झाला म्हणे. त्यांच्यात तान्हं मूल गेलं तरी बाप त्याच्या नावाने ओळखला जातो. तो म्हणाला, नाव नाही तर अल्लाच्या दारी गेल्यावर त्याला शोधणार कसा? तुम्ही फ्रीझर दुरुस्त केलात आणि निघालात.

पुढच्या खेपेला गाडीतून उतरलात, कहवाला बसायच्या आधीच म्हाताऱ्याला म्हणालात, समीर. एवढंच. म्हातारा उठून तंबूच्या दारात गेला आणि मोठ्याने सांगितलं, अबू समीर आलाय. तिथून ते नाव मासळीच्या गाड्यांबरोबर रस्ताभर पसरलं.

तरी मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नका. मी उलटतपासणी केली. शम्माला म्हटलं, आजीला विचार, तो दिसायला कसा होता, हे त्यांनी कधी सांगितलं का? म्हातारीने विचार केला नाही. स्वतःच्या बुरख्यामागे बोट नेऊन डाव्या कानाची पाळी दुमडून दाखवली.

तो दुमडलेला कान मी आणि तुम्ही, दोघांनीच बघितला होता. मी तेल लावून तो सरळ करत बसायचे. तुम्ही म्हणायचात, राहू दे, मोठा होईल तसा होईल सरळ.

तो मोठा झाला म्हणे, तिकडे. दर खेपेला म्हातारी विचारायची, समीर आता केवढा? तुम्ही सांगायचात. तो शाळेत गेला, त्याला मिसरूड फुटलं. सालिमच्या धाकट्या भावाला लायसन्स मिळालं तेव्हा तुम्ही म्हणालात, समीरचंही झालं असतं आता. स्वभावाने कसा, असं तिने एकदा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, आईवर गेलाय, दुधाच्या पातेल्यावरचं झाकणसुद्धा संशयाने उचलतो. सगळे हसले म्हणे. माझ्याबद्दल तिथे अजून काय काय सांगितलंत, देव जाणे. चकल्या कधी कधी कडक होतात, हे तरी नक्कीच सांगितलंत, कारण म्हातारी म्हणाली, आवडतात आम्हाला तशाच.

आणि ती फेरीही तुमच्या डोक्यातली नव्हती. म्हातारीनेच तुम्हाला झापलं होतं. म्हणाली, नाव एकटा घेऊन फिरतोस, त्याची आई कुठाय? तिला घेऊन ये. तुम्ही म्हणालात, घरी बोलायला जीभ वळत नाही. ती म्हणाली, मग तू गप्प राहा, मी हाक मारते. त्यासाठी अर्बाबची कॅरॅव्हॅन, त्यासाठी दोन डबे चकल्या, त्यासाठी चिरलेला कांदा. सगळा खटाटोप मला कोणीतरी एकदा त्या नावाने हाक मारावी म्हणून. आणि मी म्हटलं, ला.

तेव्हा एक शब्द बोलायचा होतात, अहो. साखळी सोडून एक शब्द. मी तिथे वाळूत बसले असते, पण मला कळलं असतं. तुम्ही समोर असताना कळलं असतं.

मला तुमच्यावर खरा संशय कुठला होता, तोही आज सांगते. दुसऱ्या बाईचा नव्हता. तो वरवरचा, बायकांनी भरवलेला. खरा संशय होता तो तुम्ही त्याला विसरलात हा. तुम्ही मस्कतला गेलात, कामाला लागलात, पुढे मुग्धा झाली, हसायला लागलात. मला वाटायचं, या माणसाच्या लेखी तो झालाच नाही. एकटी मीच उरले त्याला ओळखणारी. तुमचे शर्ट हुंगताना मी बाईचा वास शोधत नव्हते, आता कळतं मला. तुमच्यात कुठे तो शिल्लक आहे का, तेच बघत होते. आणि तो होता, हैमाच्या रस्त्यावर, प्रत्येक पंपावर, परक्यांच्या तोंडी! फक्त माझ्यापाशी नव्हता. याचा राग जाईल तेव्हा जाईल. आज तरी गेलेला नाही.

अजून एक. नाव ठेवायचा मान आत्याचा, कानात कुर्र करायचं तिने. तुम्ही बहिणीला विचारलं नाहीत, बायकोला विचारलं नाहीत, वाळवंटात परस्पर बारसं उरकलंत! मला विचारलं असतंत तर मी समीर ठेवूच दिलं नसतं. आमच्या वर्गात दोन समीर होते, दोघेही मेले वह्या चोरायचे. पण आता काय करणार, इतकी वर्षं त्याला त्या नावाची सवय झाली असेल.

काल संध्याकाळी मुग्धाला फोन करून सगळं सांगितलं. मग तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "म्हणजे आई, मी धाकटी आहे?" मी म्हटलं, हो गं, तू धाकटी. मग आम्ही दोघी रडलो, आणि मग तिने समीरदादा असं म्हणून बघितलं. एकदाच, हळूच.

पुढच्या आठवड्यात मी निघते. गावी गेल्यावर पहिलं काम, भाऊजींना समोर बसवून विचारणार आहे, त्याला कुठे ठेवलंत ते दाखवा. आता ऐकून मला काही होत नाही. ते आढेवेढे घेतील, पण माझी उलटतपासणी तुम्हाला ठाऊक आहे.

आणि तुम्हाला शब्द देते. गावी नव्या-जुन्या बायका बसायला येतील आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मुलं किती? इतकी वर्षं मी एकच म्हणत आले. यापुढे दोन म्हणेन. थोरला काय करतो, असं विचारतील. विचारू देत. तो बारशाआधी गेला हेही सांगेन, आणि त्याच्या बापाने त्याला हैमाच्या रस्त्यावर कसा लहानाचा मोठा केला, तेही सांगेन.

तुमची,
उम्म समीर